तांबड्या शेताची माती

बापाची हाडं एकदा पुसून दिली, की बापाचं तांबडं शेत विकायला कागदावर वारस बहिणीचा अंगठा मिळणार होता. ब्राउलिओला सौदा स्वस्त वाटला. मेक्सिकोतल्या कांपेचेच्या त्या गावात मेलेल्यांच्या सणाआधी प्रत्येक घर आपल्या माणसाची हाडं दफनभूमीतल्या पेटीतून काढून पुसतं. हा मात्र आजवर तिकडे फिरकलाही नव्हता.

"या, मालकाचे लाडके!" इलारिया कडाडली. "वाट चुकलात?"

"ताई, सणाला तरी टोमणे नकोत."

"बाबा घायपाताच्या रानात लपलेत, हे शिपायांना सांगताना सण आठवला नाही? मळ्याच्या मालकाने बळकावलेलं त्यांचंच शेत बक्षीस म्हणून घेतलंस. पूस आता!"

त्याने कवटी मांडीवर घेतली. जबड्यात ओली तांबडी माती ठासून भरलेली होती. गावची माती पांढरी; तांबडी तेवढी त्या एका शेतात. आणि पेटी तर भिंतीतल्या उंच, कोरड्या कोनाड्यात.

"ही कोण भरतं?"

"दरवर्षी मी काढते. भरतं कोण, ते तू सांग."

ब्राउलिओ बोटांनी उकरत राहिला. ढीग गुडघ्याला लागला, तेव्हा कुठे दात मोकळे झाले. इलारियाने पेटीत नवं, भरतकाम केलेलं फडकं अंथरलं, कवटी ठेवली आणि अंगठा पुढे केला. "आण तुझा कागद."

काहीतरी बोलायला ब्राउलिओने तोंड उघडलं. मांडीवर माती पडली, ओली, तांबडी. त्याने दोन्ही हातांनी ती तोंडातून उपसली. मागून आणखी आली.

इलारियाने पेटीचं झाकण लावलं. त्या शेताची किंमत बापाने जीव देऊन चुकवली होती, तिने बाप देऊन. भावाचा हप्ता आज सुरू झाला.