डोलकाठीवरचं तोरण

"पहिलीच सफर, आणि थेट होडीच्या नाळेवर, मुरलेल्या शिकाऱ्याच्या जागी भाला फेकायला?" थोराच्या खांद्यावरून खलाशांच्या यादीत डोकावत ओस्ला म्हणाली. "तुझा पणजोबा भलताच गुणी होता म्हणायचा."

"जळतेस तू. तुझा सापडत नाही ना, म्हणून."

"जळतेच आहे मग. काय करशील?"

डंडी बंदराच्या दप्तरखान्यात दोघी सोमवारपासून शेजारशेजारी बसत होत्या. थोरा ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेसची, ओस्ला शेटलंडातल्या लर्विकची. या दोन्हीकडची माणसं एकमेकांची टिंगल केल्याशिवाय घास गिळत नाहीत. त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही.

ओस्लाचा पणजोबा लॉरी हॅल्क्रो. चर्चमध्ये रीतसर लग्न करून तो भालेकरी म्हणून देवमाशांच्या शिकारीला गेला. १८८३ च्या शरदात जहाज परत आलं, तो डंडीच्या धक्क्यावर धडधाकट उतरल्याची नोंदही होती, आणि त्यापुढे त्याचं नाव कुठेच नव्हतं. घरी तो पोचलाच नाही. त्याची बायको ग्रिझेल जन्मभर त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली. घरी येताना तो कुठल्या पाण्यात बुडाला, एवढंच ओस्लाला हवं होतं.

थोराला मात्र घाई होती. तिची आई मायमा एक्याण्णव वर्षांची होती, आणि मायमाच्या आजीची, बार्बराची, अब्रू पणाला लागली होती.

बार्बराने १८८४ च्या वसंतात जेम्स टुलॉकशी लग्न केलं, तेही स्वयंपाकघरात, दोन खलाशांच्या साक्षीने. 'आम्ही नवराबायको' असं दोघांनी म्हटलं की झालं. त्या काळी कायद्याला तेवढं पुरत होतं. गावाला पुरलं नाही. त्याच उन्हाळ्यात बर्फाच्या समुद्रात शिकारीची होडी उलटली आणि जेम्सबरोबर दोन्ही साक्षीदारही गेले. बार्बराच्या मुलापुढे चर्चने 'अनौरस' लिहिलं, आणि ती मेली तेव्हा तिच्या थडग्याच्या दगडावर माहेरचं नाव लागलं. त्यावरून शाळेत खाल्लेली बोलणी मायमा आजही विसरली नव्हती.

"माझे डोळे मिटायच्या आत त्या दगडावर 'जेम्स टुलॉकची पत्नी' असं कोरून घे," तिने लेकीला बजावलं होतं. पाथरवट तयार होता. चर्चची मंडळी पुरावा मागत होती.

"मेची पहिली तारीख बघितलीस का?" ओस्लाने विचारलं.

"मेला काय आहे?"

"अगं, तोरण! ऑर्कनीत काहीच शिकवत नाहीत का तुम्हाला? बायका आपली रिबीन कापून अर्धी घरी ठेवायच्या आणि अर्धी नवऱ्याबरोबर द्यायच्या. आमच्या ग्रिझेलनं दिली होती, तिची अर्धी अजून आमच्याकडे आहे. एक मेला सगळ्यांच्या रिबिनींचं तोरण डोलकाठीच्या टोकाला चढवायचे. आणि ते बांधायचा मान ज्याचं लग्न सगळ्यांत नवं, त्याचा."

थोराने जहाजाच्या रोजनिशीची पानं भराभर मागे उलटली.

दुय्यम कप्तानाने स्वच्छ लिहिलं होतं: 'तोरण जेम्स टुलॉकने बांधलं. त्याचं लग्न स्ट्रॉमनेसला, बार्बराशी. साक्षीला मी स्वतः होतो.'

ओस्लाने तिला घट्ट मिठी मारली. दप्तरखान्यातल्या बाईंनी 'शूऽऽ' केलं, तर ओस्लाने त्यांनाही ते पान दाखवलं. थोरा डोळे पुसत बाहेर गेली आणि तिने घरी फोन लावला.

"आई, झालं होतं. खरंच लग्न झालं होतं."

पलीकडे बराच वेळ नाक शिंकरण्याचा आवाज आला.

"मला काय नवीन सांगतेस? मला ठाऊकच होतं," मायमा म्हणाली. "त्या पाथरवटाला आत्ता फोन कर. उद्यावर टाकू नकोस. मी शेजारच्यांना सांगते, खुर्ची घालून मला तिथे बसवा म्हणून."

चर्चला पानाचा फोटो गेला. चर्चकडून होकार आला. दुपारी दोघी बाहेर बाकावर बसून खिमा भरलेल्या करंजीसारख्या गरम ब्राइडी खात होत्या. पैसे थोराने दिले.

"तुझ्यामुळे झालं. तू म्हणाली नसतीस तर तोरणाचं मला सुचलं नसतं," ती म्हणाली. "थांब, तुला एक दाखवते. घराबाहेरच्या कुणाला दाखवलेलं नाही." तिने पिशवीतून पत्र्याची लहान डबी काढली. "अंगठीला पैसे नव्हते, म्हणून लग्नात त्यानं बार्बराच्या बोटाला रिबीन बांधली होती."

"त्यानं?" ओस्ला हसली. "अगं, रिबीन बायकोनं द्यायची असते."

"आमच्या ऑर्कनीतले पुरुष उदार असतात."

डबी उघडली. निळी रिबीन होती. एका टोकाला नीट मुडप घातलेली, दुसरं टोक तिरकं कापलेलं. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या दोऱ्याने देवमाशाची शेपटी भरलेली होती.

"नुसती शेपटीच?" ओस्लाने विचारलं. ती आता हसत नव्हती.

"आई म्हणते, देवमासा बुडी मारतो तेव्हा शेपटीच दिसते." तेवढ्यात थोराचा फोन वाजला. "हं, आई. बसलीस का खुर्चीत? थंडी नाही ना वाजत? काय म्हणतेस! 'पत्नी' कोरून झालं?"

ओस्लाने हातातली ब्राइडी खाली ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली. मग पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिने एक कागदी पुडी काढली आणि त्यातली ग्रिझेलची अर्धी रिबीन थोराच्या रिबिनीला लावून ठेवली. तीही निळी होती, तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याने देवमाशाचं डोकं भरलेलं होतं, आणि ते शेपटीला टाक्याला टाका जुळून बसलं.