उलटी प्रदक्षिणा

“दम धर. हे वळण गेलं की समुद्र आहे बघ,” अरुण म्हणाला आणि सुजाताचा डावा पाय त्याने पुन्हा पॅडलवर दाबून धरला.

पॅडलचं ते छोटं यंत्र तिच्या खुर्चीपुढे ठेवलेलं होतं आणि भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेलं होतं. ते फिरलं की टीव्हीतला रस्ता पुढे सरके, थांबलं की रस्ताही थांबे. रस्ता होता जपानमधल्या अवाजी बेटाचा. त्या बेटाभोवती सायकलने अख्खी फेरी मारायची, हे खूळ सुजाताचंच. लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हा, म्हणजे या ऑक्टोबरात. त्यासाठी बाई चाळिशी उलटल्यावर सायकल शिकल्या होत्या, शुक्रवारच्या सुट्टीत सकाळी, इथे आखातात, मिरकाब भागातल्या रिकाम्या पार्किंगमध्ये, गुडघे फोडून घेत. एप्रिलमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं.

अरुणने तिकिटं रद्द केली नव्हती. ऑगस्ट निम्मा सरला होता, बाहेर धुळीने आभाळ पिवळं पडलं होतं, आणि हा भला माणूस रोज ऑफिसातून आला की चहासुद्धा न घेता बायकोला बेटावर घेऊन जात होता. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून बरंच काही सांगितलं होतं. त्यातलं हात आणि पाय एवढंच त्याने ऐकलं. बाकीचं त्याला ऐकायचंच नव्हतं. ती बेटावर जाणार, निदान एका पुलापर्यंत तरी सायकल चालवणार, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं आणि त्याच जोरावर त्याचा दिवस ढकलला जात होता.

वळण गेलं. डावीकडे समुद्र उघडला, निळाशार, लांबवर मासेमारीच्या होड्या.

“दिसला?”

सुजाताचा उजवा पाय इमानेइतबारे फिरत होता.

“डोंगर छान आहेत,” ती म्हणाली. “पण समुद्र कधी येणार रे? रोज म्हणतोस, आता येईल, आता येईल.”

अरुणला आधी वाटलं, ही आपली फिरकी घेतेय. मुरुडच्या किनाऱ्यावर वाढलेली मुलगी, तिला समोरचा समुद्र दिसणार नाही? पण तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. ती दमली होती आणि थोडी रुसलीही होती.

तिच्या उजव्या बाजूला सोफ्यावर त्यांची मुलगी आर्या लॅपटॉप घेऊन बसली होती. ती उठली आणि तिने टीव्हीच्या डाव्या टोकावर, थेट समुद्रावर, हात ठेवला.

“आई, माझा हात कुठे आहे?”

“कुठे आहे?”

आर्याने हात हळूहळू उजवीकडे सरकवला. तो मध्यापर्यंत आल्यावर सुजाता म्हणाली, “हा काय. आत्ता आला.”

“बाबा,” आर्या खालच्या आवाजात म्हणाली, “तिच्यासाठी डावी साइड नाहीच आहे.”

अरुणला तिचं जेवण आठवलं. ताटातला डावीकडचा भात रोज उरायचा. आजारी माणसाची भूक ती, असं म्हणत तो झाकून ठेवायचा आणि वर तिलाच रागवायचा. इतके दिवस तो तिला ज्या रस्त्याने ओढून नेत होता, त्या रस्त्यावर तिच्या वाट्याला समुद्र नव्हताच. जपानात वाहनं आपल्यासारखीच डावीकडून जातात. सायकलवाले बेट उजव्या हाताला ठेवून फिरतात आणि समुद्र कायम डावीकडे राहतो. उलट्या बाजूने निघायचं का, असं त्याने ट्रिप ठरवताना विचारलं होतं. “प्रदक्षिणा उलटी घालतात का कुठे?” म्हणून तिनेच त्याला वेड्यात काढलं होतं.

त्याने रिमोट उचलला. फेरी उलटी लावता येत होती. त्याने ती लावली, रिमोट खाली ठेवला आणि पुन्हा तिच्या डाव्या गुडघ्याशी बसून पाय पॅडलवर धरला.

रस्ता सुरू झाला. थोडी घरं गेली, कांद्याचं एक शेत गेलं. मग उजवीकडची झाडं संपली.

“अगंबाई,” सुजाता म्हणाली.

ती हसली. एप्रिलनंतर ती अशी हसली नव्हती. उजवा हात तिने थोडा पुढे केला आणि ती पाय भराभर मारायला लागली. अरुणचे डोळे भरून आले. तो नुसता तिचा दुसरा पाय फिरवत राहिला.

सुजाताने मान उजवीकडे वळवली.

“आर्या, बाबांना बोलाव गं. आत्ता तर इथे होते, गेले कुठे? त्यांना सांग, समुद्र आला.”

आर्याने आईच्या डाव्या बाजूला पाहिलं. बाबा तिथेच बसले होते, आईपासून हातभर अंतरावर. अरुणने हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. उठून दुसऱ्या बाजूला जाणं काही अवघड नव्हतं. पण त्याने सोडलं असतं तर पाय घसरला असता, पॅडल थांबलं असतं आणि तिचा समुद्रही.

“येतील,” आर्या कशीबशी म्हणाली.

“लवकर बोलाव,” सुजाता म्हणाली. “बिचारे रोज एकटेच बघतात.”