तंबूतली रेकॉर्ड

सिनेमा सुरू झाला तरी आपली रेकॉर्ड वाजेना, म्हणून गोरक्ष चुळबुळ करू लागला. पुणतांब्याच्या तंबू टॉकीजमध्ये तो आई मनकर्णाबाईंशेजारी पोत्यावर बसला होता. त्यांना त्याने काहीच सांगितलं नव्हतं. अचानक ऐकवायचं होतं.

भिंगारला लष्करी बँडात तो सॅक्सोफोन शिकला आणि जाझच्या नादाने मुंबईला गेला. तिथे मोंबासाहून शिकायला आलेली पोरं भेटली. त्यांच्या आफ्रिकी ढोलांवर आपलं जाझ चढवून त्याने एक रेकॉर्ड काढली. वर्षभर जीव ओतला. बाजारात तिला कुत्रं विचारेना. कंपनीने उरलेला माल भंगारात काढला आणि दुसऱ्या रेकॉर्डचं नावही काढू दिलं नाही. भिंगारचा एक लग्नाचा बँड त्याला घ्यायला तयार होता. मुकाट्याने तिकडे निघालाच होता, तेवढ्यात चुलतभाऊ राधाकृष्ण भेटला.

"तू मुंबईला ऐकवली हुती ना, ती रेकॉर्ड तंबूवाले काकासाहेब रोज लावत्यात. मी काय तंबूत जात न्हाई, पन मळ्यापतुर ऐकू येती."

रोज. तेही आपल्या गावात. गोरक्षने त्याच दिवशी बँडवाल्यांना नाही म्हणून कळवलं. कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर वरातीत कशाला वाजवायचं?

मध्यंतर झालं, तरी काही नाही. शेवटी एकदाचं हिरो-हिरॉइनचं लग्न लागलं, पडदा पांढरा झाला आणि खांबावरच्या भोंग्यातून ढोल घुमले. मागोमाग त्याचा सॅक्सोफोन. गोरक्षचे डोळे भरून आले. बघतो तर सगळा तंबू उठून उभा. राष्ट्रगीताला राहतात तसा. आशेला लागलेल्या माणसाला असंच दिसतं.

मग लोक पोती झटकून दाराकडे लोटले. मनकर्णाबाईही उठल्या.

"आई, थांब की. ऐक जरा," तो म्हणाला.

"ह्यात काय ऐकायचं? ऊठ, लेकरा," त्या पदर सावरत म्हणाल्या. "फुकटे दुसऱ्या खेळाला बसून ऱ्हातात, म्हनून लावत्यात हे. आदी काकासाहेब काठी घिऊन उठवायचे. आता काठी लागत न्हाई."