दूरचे बटण

कोड लिहायच्या एडिटरच्या एकाच पडद्यावर धाकट्याने तीन टर्मिनल, म्हणजे संगणकाला आज्ञा द्यायच्या चौकटी, उघडल्या होत्या: दोन समोरच्या लॅपटॉपच्या, तिसरी दूरच्या गावी दादाच्या छापखान्यातल्या संगणकाची. भांडणानंतर वर्षभर भावांचे बोलणे नव्हते, पण त्या संगणकाची देखभाल त्याने सोडली नव्हती. काम आटोपल्यावर त्याने लॅपटॉप बंद करण्याची आज्ञा टाइप केली. लॅपटॉप ढिम्म. तो बुचकळ्यात पडला. इतक्यात तिसऱ्या चौकटीत 'संपर्क तुटला' असे उमटले. आज्ञा त्याने त्याच चौकटीत टाइप केली होती. दादाचा संगणक आता तिथले बटण हाताने दाबल्याशिवाय सुरू होणार नव्हता. त्याने फोन लावला. "दादा, तुझा संगणक माझ्याकडून बंद झाला. बटण दाबतोस?" "दाबतो, छपाई खोळंबलीय. वर्षभर चुकला नाहीस, आजच कसा रे चुकलास?" धाकट्याने तिन्ही चौकटी पुन्हा न्याहाळल्या. "मलाही कळत नाहीये, दादा." दादाने मात्र फोन ठेवला नाही.