उन्हाचा गुण

सत्यभामाबाईंनी विजूच्या हनुवटीवरून ओघळणारी लाळ पाहिली, पदर सावरला आणि आपली खुर्ची हातभर मागे घेतली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, पाहा, किती शांत झालाय पोरगा. वच्छलाने मान डोलावली. लांबून सगळेच शांत दिसतात, असं ती मनात म्हणाली.

महिला मंडळाचं हळदीकुंकू आज वच्छलाच्या क्वार्टरमध्ये होतं. विजूला सोडून तिला कुठे जाता येत नाही, म्हणून मंडळानेच तिच्याकडे यायचं ठरवलं होतं. याला ते मदत म्हणत. या मदतीपायी वच्छलाने सकाळपासून तिळाच्या वड्या थापल्या, समोरच्या बंगाली बाईंकडून कपबशा मागून आणल्या आणि फरशी दोनदा पुसली, कारण पोलादाच्या प्लांटची लाल धूळ पुसल्या जागी पुन्हा येऊन बसते. तिला सातवा महिना होता. खाली वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

विजू चार वर्षांचा. त्याला बसता येत नव्हतं, मान धरता येत नव्हती, एक घास गिळायला बराच वेळ लागे. डॉक्टरांनी वच्छलाला ओझं उचलायची मनाई केली होती. घरातलं सगळ्यात मोठं ओझं हेच आहे, असं शेषराव, म्हणजे तिचा नवरा, पोराकडे बोट दाखवून म्हणाला होता. दिवसा हाताखाली कोणी मिळालं नाही तर येत्या रविवारी तो विजूला गावी नेऊन आपल्या आईकडे ठेवणार होता. तिथे गोठ्याला लागून एक खोली रिकामी होती. त्या खोलीत पोरगं किती दिवस काढील, हे वच्छलाला कोणी सांगायला नको होतं.

माणसासाठी तिने दिवाळीआधीच सत्यभामाबाईंपुढे पदर पसरला होता. दुपारी कोणीतरी दोन तास येऊन बसा, एवढंच मागणं. सेक्टर दहामधल्या या साहेबीणबाईंनी माणूस दिलं नाही, उपाय दिला. जेवण झालं की पोराला मागच्या अंगणात बाजेवर उन्हात ठेवायचं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण नवल असं की गुण आला. दुपारभर किंचाळणारा विजू दिवाळीपासून आवाज करीना. वच्छला स्वयंपाकघरात चटईवर पाठ टेकायची, तिचा डोळा लागायचा, आणि जाग येई तेव्हा पोरगं बाजेवर निवांत पडलेलं असे. गालसुद्धा कोरडे. ऊन लाळ वाळवतं, असं सत्यभामाबाई मंडळात छाती फुगवून सांगत.

आता खोलीत विजू कुरकुरायला लागला. त्याची उन्हाची वेळ झाली असेल, असं सत्यभामाबाईंनी सुचवलं. वच्छलाने त्याला उचललं, एक हात आपल्या पोटाखाली धरला आणि धापा टाकत मागे नेऊन ठेवलं. डझनभर धडधाकट बायांनी बसल्या जागेवरून "सांभाळून हो" म्हटलं.

परत आल्यावर तिने लाज सोडली.

"बाई, मले ऊन नाही, माणूस पाहिजे. नाहीतर रविवारी पोरगं जाते माह्यं."

"अगं, इतका गुण आलाय, आता माणूस कशाला?" सत्यभामाबाई म्हणाल्या आणि वड्यांची ताटली पुढे ओढली. जाताना त्यांनी वच्छलाच्या हातात वाण ठेवलं. चहाची गाळणी. पुढच्या खेपेच्या चहाचीही सोय झाली.

गाळणी हातात घेऊनच वच्छला मागे आली. बाज रिकामी होती.

दोन अंगणांच्या मधल्या भिंतीत क्वार्टर बांधणाऱ्या मजुरांनी ये-जा करायला ठेवलेलं खिंडार तसंच राहिलं होतं. पलीकडे अंजनाबाई राहायच्या, एका क्रेन ऑपरेटरची आई. विधवा, आणि जीभ अशी की क्वार्टरांची सगळी लाइन त्यांना टाळायची. पोटुशी बाईने विधवेचं तोंड सकाळी पाहू नये, असं दिवाळीला आलेल्या सासूबाईंनी बजावलं होतं. वच्छलाने सकाळ कशाला, दिवसभराचीच कटकट नको म्हणून खिंडाराला पत्रा लावून टाकला होता.

पत्रा बाजूला सरकवलेला होता. पलीकडे अंजनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. विजूची मान त्यांच्या कोपरात होती. त्या त्याला पेज भरवत होत्या आणि तो खिदळत होता.

"त्याले कावून नेलं?" वच्छलाने हात पुढे केले. "आन् तेही सणाच्या दिवशी?"

अंजनाबाईंनी पदराने विजूची हनुवटी पुसली. सगळ्या लाइनीकडे बघायच्या तसंच, शेणाचा पो ओलांडताना बघावं तसं, त्यांनी वच्छलाकडे पाहिलं.

"दिवाळीपासून रोज नेऊन राहिली. तू झोपली का नेलं, तू उठाच्या आधी ठेवलं. ऊन कुठं लाळ पुसते का, बाई?"

वच्छलाचे हात खाली आले. "मंग मले सांगितलं कावून नाही?"

"सांगाचं तर तोंड दाखवा लागते. माह्यं तोंड कुठं चालते तुले?"

पुढच्या खोलीत अजून हळदीकुंकवाचा वास होता. खुर्ची मागे घेणाऱ्या सत्यभामाबाईंची वच्छलाला दुपारभर किळस आली होती. आता तिला स्वतःची आली. तिने पायाने ढकलून पत्रा आडवा पाडला.

"उद्या सकाळीच या," ती म्हणाली. "मी उठाच्या आधी. उठल्यावर पयलं तोंड तुमचंच दिसू द्या."