चार पॉइंटची बास्केट

"चार पॉइंट!" आण्णांनी सोफ्यावर थाप मारली. "लांबनं मारली की चार!"

अनुजा खिमटीची वाटी हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तीन, आण्णा. रेषेबाहेरून तीन. कालही सांगितलं तुम्हाला."

"काल असतील तीन. अमेरिका हाय ती. रोज बदलत्यात."

टीव्हीवर तिकडच्या बास्केटबॉल लीगचा सामना चालू होता. तिकडची रात्र, इकडची सकाळ. आठ महिन्यांची तेजस्वी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या सदऱ्याची गुंडी चोखत होती. अनुजानं सासऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तीन का, रेषा कुठं, कोपऱ्यातून टाकणं सोपं का. एके काळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेली ती. बोलता बोलता तिचा उजवा हात वर गेला, मनगट पुढं झुकलं. शिवाजी पेठेतल्या त्या अंधाऱ्या खोलीत क्षणभर कॉलेजचं सिमेंटचं मैदान उभं राहिलं. संध्याकाळ, सोललेले गुडघे, चेंडूचा धपधप आवाज आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "अनु, टाक की!"

मग तिला गुंडी दिसली. तिनं ती तेजूच्या तोंडातून काढली, आत आली आणि मोबाईलमध्ये लिहिलं : मंगळवार. पुन्हा चार.

आण्णांच्या चुकांची ही नोंद तीन महिने चालू होती. रविवारी त्यांनी डाव दोनच असतात म्हणून सांगितलं होतं. त्याआधी उंच खेळाडूला डोक्यानं बास्केट करता येते म्हणाले होते. फुटबॉलमध्ये मात्र त्यांचं एक अक्षर चुकत नसे. पन्नास वर्षांपूर्वीच्या फायनलचे अकराच्या अकरा खेळाडू तोंडपाठ. नव्या फुटबॉलवरची मतंही खणखणीत. "अठ्ठेचाळीस संघांचा वर्ल्डकप? गावजेवण घातलंय!" किंवा, "बुटाचं टोक पुढं गेलं म्हणून ऑफसाइड? मग नखं कापून खेळा की."

तिला भीती वाटायची ती याचीच. जुनं सगळं राहतं आणि नवं टिकत नाही. विसरण्याचा आजार असाच सुरू होतो, असं तिनं वाचलं होतं.

येत्या सोमवारपासून तिला शाळेत हजर व्हायचं होतं. क्रीडाशिक्षिका. बास्केटबॉलचा संघही तिच्याकडं देणार होते. नवरा, सम्राट, पहाटे कारखान्यात जायचा, सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे दिवसभर तेजू आणि आण्णा, दोघंच. कालचं आज विसरणारा माणूस. दूध गॅसवर ठेवून विसरले तर? जिन्याचं दार उघडं राहिलं तर? सम्राटला ती काही बोलली नव्हती. वडिलांबद्दल असं कसं बोलायचं?

धुण्याची बादली घेऊन ती गच्चीवर गेली. कपडे वाळत घातले आणि कठड्याला टेकून मुख्याध्यापिका रशिदा मॅडमना निरोप लिहायला घेतला. "मॅडम, माफ करा. बाळाला सांभाळायला घरी कुणी..." पुढचा शब्द सुचेना. मोबाईल हातात तसाच धरून ती खाली उतरू लागली.

खाली निसारचाचा आले होते. आण्णांच्या संघाचे एके काळचे गोलकीपर.

"आक्या, आपुन एका बुटाच्या जोडीत दोघं खेळायचो. उजवा तुला, डावा मला," चाचा आण्णांना म्हणत होते. "आणि ही पोरं बघ. दमली म्हणून चार दिवस सुट्टी घेत्यात. त्यो लंबू का भाईर बसला रं?"

"सहा फाऊल झालं त्याचं."

"पाचला काढत्यात. नातू खेळतोय माझा, मला सांगू नको."

"आपल्या पोरांच्यात पाच. ह्या लीगला सहा. बारा-बारा मिनिटांचं चार डाव. चोवीस सेकंदांत बॉल टाकायचा, न्हाय तर गेला. ती रेघ दिसली? तिच्या भाईरनं तीन."

"चार न्हवं?"

"खुळा का काय तू? तीनच!"

अनुजा शेवटच्या पायरीवर थबकली. मग पुढं झाली. "आण्णा, मग सकाळी ते चार कुठनं आले?"

"बसली पेनल्टी!" चाचांनी टाळी वाजवली.

आण्णा हसले नाहीत. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. तेजूचं झबलं उगाचच नीट केलं.

"माहेरनं पोरीला घिऊन आलीस तवा," ते टीव्हीकडं बघतच म्हणाले, "ह्या घरात तिचाच काय तो आवाज हुता. तुझा न्हाय. बरं, व्हय, जेवा. संपलं. दिवसभर तिच्या नाकाम्होरं बोट धरून बसायचीस, श्वास चालतोय का बघत. सम्राट म्हणायचा, हुईल नीट. मला काय ते दिसंना."

चाचांनी मान खाली घातली.

"एकदा असाच टीव्ही लावून बसलोतो. ह्या खेळातलं ओ का ठो कळत न्हवतं. तोंडातनं गेलं, चार पॉइंट. तर तू कणकेच्या हातानं पळत भाईर! अर्धा तास भांडलीस माझ्यासंगं. हात काय, डोळं काय... लग्नात बघितलेली अनुजा."

अनुजानं मोबाईल वर धरला आणि लिहिलेला निरोप अक्षर-अक्षर पुसून टाकला.

"तवापासनं," आण्णा म्हणाले, "रोज चुकतोय मी."