विसावा जिन्नस

धंद्याचा पाया विश्वास असतो, असं उद्योजकतेच्या पहिल्याच तासाला शिकवतात. लालबागच्या मसाला कुटायच्या यंत्रावर, म्हणजे डंखावर, म्हणूनच गिऱ्हाइकांसाठी नऊ स्टुलं ठेवलेली आहेत. आपली मिरची टाकायची, समोर बसायचं आणि लोखंडी मुसळं आपटायची थांबेपर्यंत तिच्यावरून नजर काढायची नाही. काढली तर शेजारणीची मिरची आपल्या डब्यात येते, अशी इथे पिढ्यान् पिढ्यांची खात्री आहे.

एप्रिलमधल्या त्या दुपारी नऊही स्टुलं भरलेली होती. अक्षदाने लॅपटॉप वजनकाट्यावर ठेवला. काट्याने एक किलो सातशे दाखवले.

ती जैवमाहितीशास्त्र आणि उद्योजकता अशा जोडनावाच्या एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा देत होती. शास्त्राची परीक्षा थंडगार लॅबमध्ये झाली होती. उद्योजकतेची ग्राहकाच्या दारात घ्यायची, असा नियम. दोन वर्षं खपून तिने केलेला प्रोग्रॅम मसाल्यातल्या डीएनएवरून त्यात कोणकोणती झाडं आहेत ते ओळखत असे. परीक्षकांनी अकरा दिवसांपूर्वी तीन बंद पुड्या लॅबला दिल्या होत्या. डीएनए वाचून आला होता. आता तिन्ही पुड्यांत काय आहे ते सांगायचं. एक जरी उत्तर चुकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा.

बाहेरून आलेल्या परीक्षक, दादरच्या डॉ. मृणालिनी गुप्ते, नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. डंखाचे मालक शामराव पेन उघडून उभे होते. तिन्ही उत्तरं बरोबर आली तर तिच्या प्रोग्रॅमचा पहिला ग्राहक म्हणून सही करायचं त्यांनी कबूल केलं होतं. अक्षदाची आई रखमा पाचव्या स्टुलावर होती. ती मुलीसाठी आलेली नव्हती. तिची सात किलो मिरची रांगेत होती.

“पहिली पुडी, काळी मिरी,” अक्षदा म्हणाली. “त्यात पपईच्या बिया.”

गुप्तेबाईंनी उत्तरांचं पाकीट फोडून कागद पाहिला आणि बरोबरची खूण केली.

“दुसरी, धणे. शुद्ध.”

पुन्हा खूण.

“तिसरी, घरगुती मसाला. एकोणीस जिन्नस, दगडफुलासकट. आणि विसावा, गहू.”

गुप्तेबाईंचा रुमाल खाली आला. “चूक.”

“मॅडम?”

“तो माझ्या सासूबाईंच्या बरणीतला मसाला आहे. यादी त्यांनी स्वतः सांगितली, मी लिहून घेतली. बावीस वर्षं मी तोच करतेय. एकोणीस जिन्नस. गहू नाही.”

शामरावांनी पेनाला टोपण लावलं. अक्षदाने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पुन्हा गहू आला. तिने तिसऱ्यांदा चालवला नाही.

“बाई,” रखमा म्हणाली. तिची नजर डंखावरच होती. “तुमचा मसाला सासूसारखो होता?”

गुप्तेबाईंनी रुमालाची घडी घातली. “प्रत्येकीचा हात वेगळा असतो.”

नऊही स्टुलं हसली.

“हात!” रखमा म्हणाली. “फोन लावा त्यांका.”

शामरावांनी डंख बंद केला. मिरचीच्या सीझनमध्ये तो दुपारी बंद झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. फोन स्पीकरवर लागला.

“माई, तुमच्या मसाल्यात गहू असतो का?”

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“कोणी सांगितलं तुला?”

“कॉम्प्युटरने.”

“आणि कॉम्प्युटरला कोणी सांगितलं?”

“माई, असतो की नसतो?”

“मूठभर,” सासूबाई म्हणाल्या. “भाजून. रस्सा दाट येतो त्याने.” मग आवाज खाली आणून, “मलासुद्धा माझ्या सासूने सांगितलं नव्हतं हो. मी चोरून पाहिलं होतं.”

टाळ्या पहिल्या स्टुलावरून सुरू झाल्या आणि नवव्यापर्यंत गेल्या. एका बाईंनी जावेची पुडी आणू का विचारलं, दुसरीला नणंदेच्या लोणच्यातलंही ओळखता येतं का ते जाणून घ्यायचं होतं. शामरावांनी सही केली, तारीख घातली, आणि नीट दिसावी म्हणून पुन्हा एकदा सही केली. गुप्तेबाईंनी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले. दोन कशाचे कापले ते त्यांनी लिहिलं नाही.

“मला फक्त एवढं सांग,” जाताना त्यांनी अक्षदाला हळूच विचारलं, “गहू किती, ते नाही का येत त्यात?”

“पुढच्या व्हर्जनमध्ये, मॅडम.”

“लवकर काढ.” त्या शिंकत शिंकत निघून गेल्या.

शामरावांना भरून आलं होतं. “ऐका,” ते मोठ्याने म्हणाले, “आता आपल्याकडे सायन्स आहे. कोणाच्या मिरचीत कोणाचं काय, सगळं कळणार. उद्यापासून इथे बसायची गरज नाही. स्टुलं काढून टाकतो.”

कोणी उठलं नाही. डंख पुन्हा सुरू झाला आणि रखमाचा नंबर लागला. सात किलो मिरची आत गेली.

“गो, हय बस जरा,” रखमा अक्षदाला म्हणाली. “मी पाणी पिऊन येतंय. मिरचेवरची नजर काढू नको.”

अक्षदाने लॅपटॉप काट्यावरून उचलला आणि मिटला. ती पाचव्या स्टुलावर बसली. अभिनंदनासाठी कॉलेजातून तीन फोन आले. तिने एकही उचलला नाही.